बाईंच्या हजेरीतली पिकअप

माझे भावजी काचेचं काम करतात. खिडक्यांची तावदानं, कपाटांचे आरसे, मासे ठेवायच्या पेट्या, ज्याला जे हवं ते. मी त्यांच्याच दुकानाच्या मागच्या खोलीत आरशांना चौकटी करते, त्यामुळे या माणसाला मी मेहुणी म्हणूनही ओळखते आणि शेजारच्या टेबलावरचा कारागीर म्हणूनही. कारागीर म्हणून त्यांना तोड नाही. काचेवर हिरकणीनं एक रेघ ओढतात, खालून टिचकी मारतात आणि काच सांगितल्यासारखी दोन होते. पण माणसात एक खोट आहे आणि ती मी त्यांना तोंडावर शंभरदा ऐकवली आहे. समोरचा काही समजावून सांगायला लागला की हे ऐकायच्या आधीच "कळलं" म्हणतात. कपडे धुवायचं यंत्र घरी आलं तेव्हा दुकानदाराचा माणूस अर्धा तास घसा कोरडा करत होता आणि भावजी "कळलं, कळलं" म्हणत मान डोलावत होते. तो जिना उतरल्यावर त्यांनी ताईला विचारलं, यात कपडे कुठून घालायचे.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिनं त्या दिवशी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

तर या माणसानं पिकअप घ्यायचं ठरवलं. जुनी डिझेलची होती, ती सुरू झाली की आख्खं दुकान थरथरायचं. काचेचं आणि धक्क्याचं हाडवैर. निघताना एक असलेला आरसा पोचेपर्यंत दोन होऊन पोचायचा. एका न्हाव्याचा आरसा तिसऱ्यांदा फुटला, तेव्हा न्हावी म्हणाला की राहू द्या, आता कोण कसं दिसतंय ते मीच गिऱ्हाइकांना तोंडी सांगत जाईन. हे भावजींच्या जिव्हारी लागलं. त्यांनी चौकशी केली, तर कोणीतरी म्हणालं की विजेवरची गाडी पाण्यासारखी चालते. नवी आवाक्यातली नव्हती, म्हणून वापरलेली शोधायला लागले. एक जाहिरात सापडली: निगुतीनं ठेवलेली, एकहाती चालवलेली, आजवर फक्त रोपं वाहिलेली. मी सोबत गेले. एकटे गेले असते तर कळलं कळलं म्हणत ट्रॅक्टर घेऊन आले असते.

पत्ता होता तो एका तीनमजली इमारतीचा. खाली झाडाच्या सावलीत पांढरी पिकअप उभी होती, चाकंसुद्धा पुसलेली. आम्ही तिच्याभोवती एक फेरी मारली न मारली तोच वरून शिट्टी वाजली. खरीखुरी, मैदानावरची शिट्टी. मी दचकले, पण भावजींचं जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, आणि एका क्षणात टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले. ओठ न हलवता ते म्हणाले, "पीटीच्या बाई."

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वॉकर धरून एक उंच बाई उभ्या होत्या. भावजींना शाळेत पाच वर्षं त्यांनीच कवायत शिकवलेली. निवृत्तीनंतर बाईंनी गावाबाहेर रोपवाटिका काढली, रोपं पोचवायला ही पिकअप घेतली, आणि आता खुबा मोडल्यामुळे दोन्ही बंद झालं होतं. इमारतीला लिफ्ट नव्हती, त्यामुळे बाईंना खाली येता येत नव्हतं. हे सगळं त्यांनी आम्हाला तिसऱ्या मजल्यावरून सांगितलं, म्हणजे शेजारच्या दोन इमारतींनाही सांगितलं. भावजींना त्यांनी चेहऱ्यावरून नाही, पाठीवरून ओळखलं. "पाठ सरळ कर. तूच ना तो, घोड्यापाशी येऊन थांबणारा?" शाळेत उडी मारायला लाकडी घोडा होता. सगळी मुलं पळत येऊन त्यावरून उडी मारायची. भावजी पळत यायचे आणि वळसा घालून पलीकडे जायचे.

मग बाईंनी वरूनच गाडी दाखवली. हातात फोन होता. त्यांनी काहीतरी दाबलं की खाली दिवे लुकलुकले, पुन्हा दाबलं की दारांची कुलपं खटकन उघडली, पुन्हा दाबलं की भोंगा वाजला आणि भावजी पुन्हा सावधान झाले. गाडीची चावी म्हणजे एक कार्ड, ते दोरीला बांधलेल्या छोट्या बादलीतून खाली आलं. एक चक्कर मारून आलो. समोर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हिंदकळलं नाही, एवढ्यावरच भावजींनी मनात गाडी घेऊन टाकली होती. कागद बादलीतून वर गेले, सह्या होऊन खाली आले.

आणि तेव्हा बाई वरून म्हणाल्या की गाडी अजून त्यांच्या फोनवर आहे, घरी जाऊन स्वतःच्या फोनवर घे आणि मला कळव, मग मी माझं नाव काढून टाकते.

"कळलं?"

"कळलं, बाई."

"काही शंका?"

"नाही, बाई."

मी तेव्हा मागच्या हौद्यात टेप लावून सहाफुटी आरसा बसेल का ते बघत होते. माझ्या कानावर हे पडलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

पुढचे दोन महिने भावजी हवेत होते. त्यांचं ठाम मत झालं की गाडीला जीव आहे. सकाळी साडेआठला ते खाली उतरायचे तर थंडीच्या दिवसांत सीट आधीच गरम झालेली असायची. दार लावायला विसरले तर गाडी आपली आपण कुलूप लावून घ्यायची. येणाऱ्याजाणाऱ्याला ते हे सांगत सुटले. गाडीला माणसाची पारख आहे म्हणाले. दुकानात शिरताना तिच्या नाकावर थोपटून "येतो गं" म्हणायला लागले. मी ताईला म्हटलं, अजून पंधरा दिवस बघू, मग डॉक्टरांकडे नेऊ.

एका जेवणात ते रंगात येऊन म्हणाले की गाडीला बेकरीचं मात्र वावडं दिसतंय, रोज चार वाजता बेकरीपाशी दहा मिनिटं थांबलं की भोंगा वाजवते. डॉक्टरांनी भावजींना गोड बंद केलं होतं, साखर वाढली म्हणून. ताईनं हातातली वाटी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, रोज चार वाजता बेकरीपाशी तुमचं काय काम असतं. आपल्याच तोंडानं आपल्याला पकडून देणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

उलगडा झाला तो एका मंगळवारी. भावजी त्याच न्हाव्याचा आरसा, चौथा, घेऊन निघाले होते. दुकानातला फोन वाजला. पलीकडून खणखणीत आवाज आला, मागचा फाळका उघडा आहे आणि तो पुलाच्या चढावर पोचतोय, सांग त्याला. फाळका म्हणजे हौद्याची मागची झडप. मी कोण, काय, विचारायच्या भानगडीत न पडता भावजींना फोन लावला. ते थांबले, उतरले, बघतात तर आरशाचा हातभर भाग बाहेर येऊन त्यात आभाळ दिसत होतं. आरसा वाचला, न्हावी वाचला, आम्ही सगळे वाचलो. ते परतल्यावर मी सांगितलं, तो आवाज पीटीच्या बाईंचा होता, गाडी अजून त्यांच्याच फोनवर आहे. पहिला प्रश्न त्यांनी आरशाबद्दल विचारला नाही.

"म्हणजे बेकरीसुद्धा?" ते म्हणाले.

मी म्हटलं, बेकरीसुद्धा.

आता सरळ होतं. जायचं आणि सांगायचं, बाई, नाव काढा. गाडी आपली, कागद आपले. भावजी गेले. दोन तासांनी परत आले ते हातात एक कुंडी घेऊन. बोललो नाही म्हणाले, बाईंनी दार उघडल्या उघडल्या श्वास मोजायला लावला. दुसऱ्यांदा गेले, दुसरी कुंडी आली. तिसऱ्यांदा तर जिन्यात पाठ करत गेले होते, तरी तिसरी कुंडी आली. ताईनं तिन्ही खिडकीत मांडल्या आणि येणाऱ्याला दाखवायला लागली, हे बघा, आमच्या ह्यांनी तीनदा तोंड उघडलं नाही त्याची झाडं.

तरी ती हसत होती तोवर ठीक होतं. मग त्यांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला. दोघं पिकअप घेऊन तळ्याकाठी गेली. ताईनं ठेवणीतली साडी नेसली होती. बाकावर बसून पाच मिनिटं झाली असतील नसतील, गाडीचा भोंगा वाजला, पाठोपाठ फोन. गाडी आडबाजूला का उभी आहे, बिघडली का? भावजी बाकावरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, नाही बाई, लग्नाचा वाढदिवस आहे. किती झाली? पंचवीस. मग ठीक आहे, बाई म्हणाल्या, थांब अर्धा तास. आणि हा माणूस घड्याळ लावून बरोबर तिसाव्या मिनिटाला "चल" म्हणाला.

घरी आल्यावर ताईनं आवाज चढवला नाही, त्यामुळे आम्ही दोघंही घाबरलो. ती म्हणाली, "रविवारपर्यंत बाई गाडीतून उतरल्या नाहीत, तर मी उतरेन. पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

रविवारी मी भावजींबरोबर गेले. तीन मजले चढताना माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. एका फोनवरचं एक बटण, आणि त्यासाठी आख्ख्या घराला वेठीला धरलेलं. बाईंची खोली लहान होती आणि लखलखीत. गॅलरीच्या दाराशी खुर्ची, खुर्चीसमोर स्टूल, स्टुलावर चष्म्याच्या घराला टेकवून उभा केलेला फोन. फोनवर गावाचा नकाशा आणि नकाशात, खाली झाडापाशी, एक निळा ठिपका. फोनशेजारी शाळेतला असतो तसा हजेरीपट. बाई पाणी आणायला आत गेल्या तेव्हा मी तो उघडून बघितला. बघू नये हे मला कळत होतं. मुलांच्या नावांच्या जागी लिहिलं होतं: पूल, दवाखाना, न्हावी, जुनी गिरणी, तळं. समोर तारखा आणि रोजच्या खुणा, अक्षर कोरीव. बेकरीपुढे लाल शाईत मिनिटं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: सुधारणा नाही.

बाई वॉकर टेकत बाहेर आल्या, बसल्या आणि भावजींना विचारायला लागल्या. तू परवा गिरणीमागून गेलास, तिथला रस्ता झाला वाटतं. आधी चिखल असायचा. भावजी म्हणाले, झाला, बाई, कडेला झाडंही लावलीत. कसली झाडं? ते काही भावजींना सांगता येईना. बघून ये, बाई म्हणाल्या. कळलं, बाई, भावजी म्हणाले. कोपऱ्यात चौथी कुंडी तयार होती.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, गाडी आता यांची आहे. तुमचं नाव काढून टाका."

भावजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी त्यांचा आरसाच फोडला होता. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"असं होय," त्या म्हणाल्या. "यानं कधी कळवलं नाही. मला वाटलं, यानंच मला मुद्दाम ठेवलंय."

त्यांनी फोन उचलला. फोननं दोनदा विचारलं, नक्की का, आणि बाईंनी दोन्हीदा हो दाबलं. निळा ठिपका गेला, नुसता नकाशा उरला. मग त्यांनी हजेरीपट ओढून घेतला, शेवटच्या ओळीखाली पट्टीनं रेघ मारली, वर्ष संपल्यावर मारतात तशी, आणि मिटला. आम्ही निघालो तेव्हा कुंडी कोपऱ्यातच राहिली.

घरी मी गाडी त्यांच्या फोनवर घेतली, दहा मिनिटांचं काम. ताईनं विचारलं, काढलं? मी म्हटलं, काढलं. त्या संध्याकाळी तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सीट गार होती. चार वाजता भावजी बेकरीत बसले, एक केक खाल्ला, रस्त्याकडे बघितलं, दुसरा खाल्ला. गाडी आजारी आहे का, बेकरीवाल्यानं विचारलं. तिसऱ्या दिवशी खोक्यात केक घेऊन दुकानात आले आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, तू खा, मजा नाही. गाडीला थोपटणं बंद झालं. आरसे धड पोचत होते, काम चोख चाललं होतं, आणि भावजी जुन्या डिझेलच्या गाडीसारखे कण्हत वावरत होते. ते नाटक करत नाहीत, त्यांना जमत नाही, म्हणून जास्तच राग यायचा.

शनिवारी मी गाडीत काच पुसायला बसले तर समोरच्या फळीवर एक पान दिसलं. हातभर दूर धरून बघितलं, करवती कडा, देठ लालसर. विचारलं तर भावजी खाली बघत म्हणाले, गिरणीमागचं आहे. बाईंनी बघून यायला सांगितलं होतं ना, म्हणून मुद्दाम वाकड्या वाटेनं जाऊन तोडून आणलं. मग लक्षात आलं, आता सांगायचं कोणाला.

मला माझीच लाज वाटली. आणि लाज वाटली की मी चिडते, म्हणून ते पान घेऊन मी तडक ताईकडे गेले आणि तिच्यावरच चिडले. तिनं ऐकून घेतलं. खिडकीतल्या तिसऱ्या कुंडीची पानं पिवळी पडली होती, ती खुडत ती म्हणाली की या झाडाला काय हवंय तेही कोणाला विचारावं कळत नाही.

संध्याकाळी मी आणि भावजी गाडीत बसून फोनशी झटापट करत होतो. दुसऱ्या माणसाला गाडीत घेता येतं, मालकानं निमंत्रण धाडायचं. बाईंचा नंबर घातला तर फोननं विचारलं, ही व्यक्ती कोण, आणि चार पर्याय दिले: कुटुंब, चालक, नोकर, इतर. भावजींना घाम फुटला. चालक म्हटलं तर बाई भडकतील, नोकर तर विचारही नको, इतर म्हटलं तर वाईट वाटेल, कुटुंब म्हटलं तर ताई घराबाहेर काढेल. आम्ही पाऊण तास वाद घातला. खिडकीतून एक हात आत आला, बांगड्या वाजल्या, आणि कुटुंबावर बोट टेकलं. ताई कधीची बाहेर उभी होती.

"तळ्यावर मात्र तास हवा," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

निमंत्रण गेलं. उत्तर आलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले, फोनवर नुसतं 'प्रतीक्षेत' असं दिसत राहिलं. भावजी दर सिग्नलला थांबून बघायचे. आता त्या यायच्या नाहीत, म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी न्हाव्याच्या मोठ्या भावासाठी आरसा न्यायचा होता, आणि आरसा बराच मोठा, म्हणून मीही सोबत होते. चार वाजता भावजींनी सवयीनं बेकरीपाशी गाडी थांबवली, एक केक घेतला आणि गाडीला टेकून उभ्याउभ्या उगाच कुरतडत राहिले. पहिला घास होतो न होतो तोच भोंगा वाजला. असा लांबलचक, की बेकरीवाला दारात आला. भावजींच्या हातातून केक पडला. मिशीला क्रीम, टाचा जुळलेल्या. मग फोन वाजला. त्यांनी तो मला ऐकू येईल असा लावला.

"मला परत आत कोणी घेतलं?" बाईंनी विचारलं.

"मी घेतलं, बाई."

"चुकून?"

"नाही, बाई."



"इथे कुटुंब असं लिहून आलंय. ते कोणी लिहिलं?"

"बायकोनं."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, दोन दिवस विचार करत होते, आता बघू तुझी वागणूक. काही शंका?

मी भावजींकडे बघत होते. तोंड उघडलं, 'नाही' ओठांपर्यंत आलंसुद्धा. मग त्यांनी पाठ सरळ केली आणि श्वास घेतला.

"आहे, बाई," ते म्हणाले. "एक शंका आहे. गिरणीमागच्या झाडांची पानं करवती आहेत, देठ लाल. मला झाड ओळखता येईना."

"पान घेऊन वर ये," बाई म्हणाल्या. "आणि आधी फाळका लाव."

भावजी मागे गेले. फाळका खरंच उघडा होता.